अठरा फुटांचा कौल

"हँडल खंय असा?" बाबांनी चौथ्यांदा विचारलं.

"कसला हँडल?" आईनेही चौथ्यांदा विचारलं, आणि सुपातले तांदूळ पाखडत राहिली.

हँडल म्हणजे होडीच्या इंजिनाचं हँडल. हातभर लांबीचा तो लोखंडी दांडा घालून गरागरा फिरवल्याशिवाय आमच्या 'पावणाई प्रसाद'चं इंजिन काही केल्या चालू होत नसे. नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. वाडीतल्या होड्या एकामागून एक बंदराबाहेर पडत होत्या. आणि वासुदेव कुबल, ज्यांना देवगडपासून मालवणपर्यंत सगळे वासू तांडेल (तांडेल म्हणजे होडीचा कप्तान) म्हणून ओळखायचे, ते स्वतःच्याच ओसरीवर बायकोपुढे हात जोडायच्या बेतात उभे होते.

मी उंबऱ्यावर बसून मजा बघत होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मालवणला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नुकतीच घरी आले होते आणि त्या डिप्लोम्याला घरात अजून टॉर्चचे सेल बदलण्यापलीकडे काम मिळालं नव्हतं. हँडल तांदळाच्या पिंपात, अगदी तळाशी आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी आईच्या पक्षात होते, त्यामुळे तोंडाला कुलूप.

"अगो, लोकांच्यो होडयो गेल्यो," बाबा काकुळतीला आले.

"जावंदेत. तुमची जाणा नाय." आईने सूप खाली ठेवलं. "ज्या पाण्यात जाळा टाकतास, थंयसून तुमचो आवाज माका हय ऐकाक व्हयो. सोसायटीच्या सेक्रेटरीक नाय, शेजाऱ्याक नाय. माका. मगे हँडल गावतला."

हे असं का, ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आदल्या वर्षी ऑक्टोबरात बाबांचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. होडीवर वायरलेस नव्हता. दोन रात्री होडी वाहत राहिली आणि दोन दिवस आई किनाऱ्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका तिच्याभोवती येऊन बसल्या आणि तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बघायचं टाळू लागल्या. ते टाळणं आईच्या नजरेतून सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एका ट्रॉलरने होडी ओढून आणली. बाबा घरी आले, पाय धुतले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "च्या असा काय गो?"

आईने चहा दिला. पण त्या दिवसापासून ती हसली म्हणून नाही. बोलायची, रांधायची, बाजाराला जायची, सगळं करायची, हसायची तेवढी नाही. घरातलं ते न हसणं मला सुट्टीला आले की अंगावर यायचं. बाबांना मात्र वाटत होतं, बायको जरा दमलेली आहे.

"तेकाच तर मी ही अँटेना हाडलंय!" बाबांनी अंगणाकडे हात केला.

अंगणात ती आडवी पडली होती. पांढरीशुभ्र, फायबरची, अठरा फूट लांब. बूड तुळशीपाशी आणि शेंडा बेड्याबाहेर, फाटकापलीकडे रस्त्यावर, त्याला लाल फडकं बांधलेलं. बाबांनी ती रत्नागिरीहून एसटीच्या टपावर बांधून आणली होती. वाटेत दोन ठिकाणी आंब्याच्या फांद्या मोडल्या. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं आणि वर विचारलं, "तांडेलांनू, हिका खिडकी व्हयी काय?"

आता या अँटेनेची हकिकत. वायरलेसचा सेट, म्हणजे व्हीएचएफ, बाबांनी उन्हाळ्यातच घेतला होता. अँटेना कुठली, यावर घोडं अडलं. मी म्हटलं, चार फुटी. गोव्यातल्या मैत्रिणीकडून मागवूनही ठेवली होती. बाबांनी ती दोन बोटांत धरली, वर केली, खाली केली.

"ह्यां काय? उदबत्ती?"

"बाबा, आपल्या होडीला हीच बरी."

"जगूची बघितलंस? चवदा फूट असा."

जगू सारंग म्हणजे बाबांचा बालमित्र आणि जन्माचा प्रतिस्पर्धी. जगूकाकांनी गणपती दोन फुटांचा आणला की बाबा अडीच फुटांचा आणणार. बाबांनी कुंपणाला निळा रंग दिला की जगूकाका कुंपण, विहीर आणि बैल असं तिन्ही निळं करणार. (बैलाची शिंगंच फक्त, पण तरी.) त्या जगूकाकांच्या 'जलराणी'वर गेल्या वर्षीपासून चौदा फुटी अँटेना डौलात उभी होती. 'जलराणी' मोठी होडी, आमच्या दुपटीची. तिला ती शोभत होती आणि चालतही होती. पण आमच्या होडीवर अठरा फूट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी हे तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा समजावायला गेले, तर बाबा घरात नव्हते. ते पावणाईच्या देवळात कौल मागायला गेले होते.

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, नाहीतर म्हशीचं दूध का आटलं हा प्रश्न असो, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण वायरलेसच्या अँटेनेसाठी कौल लावणारे उभ्या कोकणात बाबा पहिलेच असावेत. ते परत आले ते मिशीतल्या मिशीत हसत. "देवीन उजवी दिल्यान! लांब घेवची!" आता माझा डिप्लोमा मोठा की पावणाई?

"बरा," आई त्या सकाळी ओसरीवर म्हणाली. "देवीन सांगल्यान तर बघूया. ट्रायल घेवा. दुपारच्या जेवणापर्यंत हँडल देतंय. पण एकटे जावचा नाय. जगूभावजींची होडी सोबत व्हयी."

जगूच्या सोबतीने जायचं, हे ऐकून बाबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण हँडल तिच्या ताब्यात होतं. ती पिंपाशी गेली, कोपरापर्यंत हात घातला आणि तांदूळ चिकटलेलं हँडल बाहेर काढलं. बाबा त्या पिंपाजवळून दिवसातून दहादा जात होते.

जेटीजवळच्या टेकाडावर मच्छीमार सोसायटीचं ऑफिस होतं आणि किनाऱ्यावरचा सेट तिथे होता. तो मीच दुरुस्त केला होता, म्हणून किल्लीही माझ्याकडे. आई माझ्यासोबत आली. तिच्या मागोमाग शेजारच्या सात-आठ बायका आल्या, मासे निवडायचं टाकून. फुकटचा तमाशा कोण सोडणार?

होडी बंदरात होती तोवर बाबांचा आवाज असा खणखणीत आला की बायका दचकून मागे सरल्या.

"हॅलो! हॅलो! वासू तांडेल बोलतंय! ऐकाक येता? ओव्हर!"

"येता, येता!" बायकांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं. वायरलेसचं बटण मीच दाबते आणि बटण दाबल्याशिवाय पलीकडे काही जात नाही, हे त्यांना पटवताना मला घाम फुटला. "ज्याच्या हातात बटण दाबलेलं, तो एकटा बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं. आणि ऐकणार सगळ्या होड्या, कारण सगळ्यांचा चॅनल एकच."

"म्हंजे गजालीच! गप्पो!" एक म्हातारी खूश होऊन म्हणाली.

मग होडी भुशिराच्या पलीकडे गेली. ऑगस्टचा समुद्र, लाटा अजून दांडगट. आमची होडी लहान, ती सुपातल्या वालासारखी डुलू लागली असणार. दहा वाव पाण्यात, म्हणजे दहा पुरुष खोलीच्या पाण्यात, आवाज चिरकू लागला. पंधरा वावांवर तर त्याचं पार भजं झालं.

"हॅ... सू... डेल... का... येता... व्ह..."

"काय म्हणतत?" आईने विचारलं.

"हॅलो म्हणतायत."

"...लो... ता... द... व्ह..."

"ह्यां बोलणा?" आई म्हणाली. "ह्यां उचकी लागल्याली असा."

बायका खो खो हसल्या. मधूनच जगूकाकांचा आवाज स्वच्छ आला, "वासू, काठी हलयता तुका का तू हलयतस काठयेक?" आणि सगळ्या चॅनलवर हशा पिकला. आई हसली नाही. ती उठली, पदर खोचला आणि टेकाड उतरून गेली.  या सगळ्यांना ही करमणूक होती. तिला नव्हती.

जेवायच्या वेळेला होडी परत आली आणि हँडल परत पिंपात गेलं. जागा ठाऊक झाली, तरी आईच्या पिंपाला हात लावायची बाबांची छाती नव्हती.

"मोसम पुरो बसान घालवचो काय?" बाबा जेवता जेवता म्हणाले. "खलाशी दुसऱ्या होडयेर जातले. आमी खावचा काय?"

"मी वड्यो घालीन, पापड घालीन," आई म्हणाली. "पण परत त्या वाळयेर बसूचंय नाय."

बाबा भात कालवत राहिले. त्यांनी तेव्हा वर बघितलं असतं, तर निम्मं काम तिथंच झालं असतं. पण समुद्रात मैलभरावरून पाण्याचा रंग ओळखणारा हा माणूस, समोरच्या पाटावरचं काही त्याला दिसत नसे.

जेवणं झाल्यावर मी परात आणि भोपळा घेऊन ओसरीवर आले.

"हे कित्याक?" बाबांनी विचारलं.

"बघा. लांब अँटेना आवाज कसा फेकते? असा, या परातीसारखा. चपटा आणि लांबवर. होडी सरळ उभी असेल तर उत्तम. जगूकाकांची होडी मोठी, ती फार डुलत नाही. पण आपली डुलते." मी परात वाकडी केली. "आता एक काठ आभाळात, दुसरा पाण्यात. आवाज एकदा ढगांना, एकदा पाण्यातल्या बांगड्यांना. मधे कधीतरी आईला. म्हणून उचकी."

"आणि भोपळो?"

"आखूड अँटेना आवाज भोपळ्यासारखा टाकते, सगळीकडून गोल. तितका लांब जात नाही, पण वाकडा करा, उलटा करा, कसाही फिरवा."

"भोपळो तो भोपळोच," आई पटकन म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. तीन वर्षं आमचे सर जे फळ्यावर समजावत होते, ते हिला दोन मिनिटांत समजलं.

बाबांनी परात हातात घेऊन दोनदा डुलवली. त्यांनाही समजलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग त्यांनी मान हलवली. "तुझा सगळा खरा, चारू. पण देवीचो कौल कसो मोडूचो? उजवी दिल्यान हा तिना."

 आई बाबांकडे डोळे बारीक करून बघत होती.

"देवीक नेमका इचारल्यात काय?"

"काय म्हंजे? अँटेनेचा."

"शब्द काय होते?"

बाबांना अचानक विडी सापडेना. "शब्द काय... शब्द... असतत ते. आता आठवणत नाय."

"चारू," आई म्हणाली, "भिकू गुरवाक बोलयून हाड."

भिकू गुरव दुपारच्या झोपेतून उठून आले, ते चिडलेलेच होते. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि आधीच सांगून टाकलं, "देव खोटा बोलणा नाय हां!"

"ता माका ठावक असा," आई म्हणाली. "ह्येंनी इचारल्यानी काय, ता सांगा."

"भिकू, जावंदे मा..." बाबा म्हणाले.

"कित्या जावंदे? मी थंय उभो होतंय." गुरव सरसावून बसले. "ह्यो हात जोडून उभो ऱ्हवलो नि म्हणालो, 'गे आये पावणाये, अठरा फुटी काठी घेतलंय, तर ती जगू सारंगाच्या चवदा फुटीपेक्षा उंच दिसात काय? दिसतली, तर उजवी दी.' मी म्हटलंय, अरे वासू, ह्यां देवीक कित्या इचारूक व्हया? टेप घेवन मोज. पण नाय! मगे देवीन उजवी दिल्यान. दितली नाय तर काय? अठरा चवदापेक्षा मोठेच!"



"पण माझ्या मनात आवाजाचाच होता!" बाबा म्हणाले.

"मनातला देवीक कळता," गुरव म्हणाले, "पण कौल इचारल्याचो गावता."

आईचे खांदे हलले. मला आधी वाटलं, ती रडते आहे. मग तिने पदर तोंडाला लावला आणि पदरातून जो आवाज फुटला तो ऐकून पडवीतली मांजर पळाली. आई हसत होती. दहा महिन्यांचं एकदम हसत होती. "टेप घेवन मोज!" म्हणायची आणि पुन्हा पोट धरायची. मी हसले, गुरव हसले, शेवटी बाबाही ओशाळं ओशाळं हसले. मला इतका आनंद झाला की मी भोपळा उराशी धरूनच हसत होते.

"हसतंय म्हणान हँडल गावला असा समजू नकात," आई डोळे पुसत म्हणाली. "आवाज व्हयो तो व्हयोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी अठरा फुटी उतरवली आणि माझी चार फुटी डोलकाठीच्या अगदी टोकावर बसवली. अँटेना आखूड असली तरी चालेल, पण ती उंचावर हवी. काठीवर मीच चढले. बाईमाणसाने होडीच्या काठीवर चढावं की चढू नये, यावर कौल लावायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. वरून बघितलं तर जेटीवर निम्मी वाडी जमलेली. 'जलराणी'वरून जगूकाका ओरडले, "वासू, उदबत्ती लावलंस, आता धूप पण जाळ!"  बाबा आईने पुन्हा दुपारपर्यंतच दिलेलं हँडल फिरवत होते.

सोसायटीच्या ऑफिसात या वेळी पंधरा-वीस बायका होत्या. आई सेटच्या समोर स्टुलावर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. समुद्र कालच्यापेक्षा शहाणा नव्हता. होडी भुशिरामागे दिसेनाशी झाली. दहा वाव झाले, आवाज स्वच्छ. पंधरा झाले, तरी स्वच्छ. मग अठरा.

"हॅलो. हॅलो. अठरा वावार इलंव. ऐकाक येता? ओव्हर."

जणू माणूस खिडकीबाहेर उभा राहून बोलतोय. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेटवरची आवाजाची सुई पार शेवटाला टेकली होती. मी आनंदाने उडी मारली आणि आईकडे वळले. "आलं ना ऐकायला?"

आई हलली नाही. "ह्यां काय बोलणा? हॅलो हॅलो तर पोपट पण करता."

"आई, आवाज ऐकायचा होता ना? आला की."

"आवाज म्हंजे काय नुसतो गळो? तेंका सांग, कायतरी बोला म्हणान. माझ्याकडे."

मी बटण दाबलं. "बाबा, आई म्हणते काहीतरी बोला. तिच्याशी. ओव्हर."

पलीकडे नुसती खरखर. बाबा हे असं कधी बोललेच नव्हते. घरात त्यांचं बोलणं म्हणजे जेवण, जाळं आणि पाऊस. बायकोचं नाव तर मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं, 'अगो' आणि 'चारूची आवस' यावर पंचवीस वर्षं निभावलेली. आणि इथे तर सगळा समुद्र कान देऊन बसलेला.

"काय बोलू?" अखेर आवाज आला, अगदी बारीक.

"अरे बोल मा बायलेकडे!" जगूकाका मधेच घुसले. "मोसम जाता आमचो तुझ्या नादान!"

पुन्हा खरखर.  आई स्टुलावरून उठू लागली होती. आत्ता ती उठली असती, तर ते हँडल त्या पिंपात परत गेलं असतं आणि पुन्हा कधी निघालं नसतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि मग बाबांनी घसा खाकरला. एक गोष्ट त्यांना चारचौघांत बोलता यायची, आणि ती त्यांच्यासारखी अख्ख्या वाडीत कुणाला येत नसे. लग्न असो, वास्तुशांत असो, देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने चढ्या आवाजात मागणं मागायला, माणसं बाबांनाच बोलवायची.

"गे आये पावणाये! बारा वाडयांचे माये!"

"व्हय म्हाराजा!" होडीवरचे खलाशी सवयीने ओरडले.

"आज जो ह्यो तुझो लेकरू वासुदेव, अठरा वाव पाण्यात उभो ऱ्हवान, हातात ह्यो वायरलेस धरून गाऱ्हाणा घालता, ता मान्य करून घी!"

बाबांनी बटण सोडलं. आणि समुद्रातून, कुठल्या तरी दुसऱ्याच होडीवरून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मग तिसऱ्या होडीवरून. मग आचऱ्याच्या बाजूच्या एका होडीवरून, बारीक पण स्पष्ट, "व्हय म्हाराजा!" महिनाभर शिकवूनही 'ओव्हर' म्हणून थांबायचं बाबांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. पण गाऱ्हाण्यात कुठे थांबायचं, हे त्यांच्या रक्तात होतं.

"ह्या इंजिनाक बुद्धी दी, जाळ्याक बरकत दी!"

"व्हय म्हाराजा!"

"जगू सारंगाक माझ्यापेक्षा चार मासे कमी दी!"

"नाय म्हाराजा!" जगूकाका बोंबलले. ऑफिसात हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. आई पुन्हा स्टुलावर बसली होती.

बाबांचा आवाज जरा खाली आला.

"आणि गे माये, गेल्या वर्षी ह्याच पाण्यात माझा इंजिन बंद पडला. दोन राती माझी द्वारका किनाऱ्यार बसान ऱ्हवली."

ऑफिसातला हशा थांबला. आईचं नाव असं समुद्रावरून आलं आणि तिची बोटं पदराच्या काठावर घट्ट झाली.

"मी घराक इलंय नि च्या मागलंय. 'घाबरलंस काय गो' म्हणान इचारूक नाय. होडयेत बसान दोन राती मी पण तिचाच नाव घेत होतंय, ता पण तिका सांगूक नाय. माका बोलाक येणा नाय, गे माये. ही जी काय चूक झाली ती पदरात घी, नि तिच्या मनात जा काय साठला असा, ता उतरव."

बटण सुटलं.  मग जगूकाकांचा आवाज आला, चेष्टेचा टिपूसही नसलेला. "व्हय म्हाराजा." आणि मग सगळ्या होड्या एकामागून एक, काहींचे आवाज तर एकमेकांवर आदळत, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" इथे म्हातारीने पदराने नाक पुसलं. माझे तर डोळे इतके भरले की सुई दोन-दोन दिसायला लागली.

आईने माझ्याकडे हात केला. "दी ता हय. खंय दाबूचा?"

मी माइक तिच्या हातात दिला आणि बटण दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती वायरलेसवर बोलत होती. तिने घसा साफ केला.

"हॅलो. कायच ऐकाक नाय इला. खरखर जाता. पयल्यापासून सांगा."

मी तोंड उघडलं. सुई तर शेवटाला चिकटलेली होती! आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पंधरा-वीस बायका तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या.

बाबांनी पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, ठणठणीत. बारा वाड्यांची माय आली, इंजिनाची बुद्धी आली, होड्यांनी आधीपेक्षा चढ्या आवाजात साथ दिली. चार माशांचं कलम बाबांनी या खेपेला गाळलं, तर "माझा इसारलंस काय रे?" म्हणून जगूकाकांनीच विचारलं. आणि ते दोन रातींचं, द्वारकेचं, चहाचं, सगळं पुन्हा आलं. आई डोळे मिटून ऐकत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते.

तिने पुन्हा बटण दाबलं. "आता थोडा थोडा येता. ता मधला, इंजिन बंद पडल्यापासूनचा, तेवढा परत सांगा."

 मग बाबा बोलले, गाऱ्हाण्याच्या सुरात नाही, साध्या आवाजात, जसे ते ओसरीवरून आत बोलायचे तसे.

"द्वारके, तुका पयल्याच खेपेक सगळा ऐकाक इला मां?"

 आईने माइक तोंडाजवळ धरला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.